अकाउंट्समधून डेटा विश्लेषणाकडे : क्षेत्रबदलाच्या काळात उमेद टिकवणारी प्रगतीची वही

नोकरीचे क्षेत्र बदलण्याचा निर्णय घेताना माणसात उत्साह असतो आणि नव्या कंपनीचे ऑफर लेटर हाती पडते तेव्हाही तो असतोच. खरा प्रश्न असतो तो या दोन टोकांमधल्या काळाचा. आठ-दहा वर्षे अकाउंट्स विभागात काढलेली, टॅली सराईतपणे चालवणारी आणि ऑडिटरच्या प्रश्नांना ठामपणे उत्तरे देणारी व्यक्ती डेटा विश्लेषणाकडे वळते, तेव्हा दिवसा ऑफिसात ती जाणकार असते आणि रात्री लॅपटॉपसमोर बसली की पुन्हा नवशिकी होते. जुन्या कामाचा मोबदला दर महिन्याला पगाराच्या रूपाने खात्यावर जमा होतो, पण नव्या अभ्यासाचे बाहेरून दिसणारे चिन्ह कित्येक महिने कुठेच नसते. बहुतेकांची उमेद खचते ती याच काळात, आणि केलेले कष्ट नेमके कुठे जमा होत आहेत हे दिसेनासे झाल्यामुळे.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजनिशीतील सुमारे १२,००० नोंदी अभ्यासल्या. २०११ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांनुसार, लोकांची मनःस्थिती सर्वांत चांगली होती अशा दिवसांपैकी ७६ टक्के दिवशी कामात काहीतरी पुढे सरकलेले होते, तर सर्वांत वाईट दिवसांपैकी ६७ टक्के दिवशी कुठेतरी पीछेहाट झालेली होती. नोकरीत ही पुढची पावले साहेब, सहकारी किंवा ग्राहक यांच्यामुळे निदान अधूनमधून तरी लक्षात येतात. घरी एकट्याने शिकणाऱ्याला ती दाखवणारे कोणी नसते. म्हणून ते काम स्वतः, आणि तेही रीतसर, करावे लागते. पुढची पद्धत त्यासाठी आहे. उदाहरण अकाउंट्समधून एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) आणि पॉवर बीआय (आलेख व अहवाल तयार करण्याचे सॉफ्टवेअर) या मार्गाने जाणाऱ्याचे घेतले आहे. दुसऱ्या क्षेत्रांतून निघालेल्यांनी तपशील आपापल्या कामाप्रमाणे बदलून घ्यावेत.

पहिली पायरी : आज कुठे उभे आहोत ते लिहून काढणे

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. फोनमधील अॅपही चालेल, परंतु अॅप निवडण्यात आणि सजवण्यात पहिले चार दिवस जातात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. वहीच्या पहिल्या पानावर आज आपल्याला जे येते ते लिहावे आणि ते लिहिताना विनय बाजूला ठेवावा. क्षेत्र बदलणाऱ्याला आपली पाटी कोरी आहे असे वाटत असते. ते बहुधा खरे नसते. खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे विवरण) यांची जुळवणी करताना व्हीलुकअप, म्हणजे एका तक्त्यातील माहिती दुसऱ्यात शोधून आणणारे एक्सेलचे सूत्र, लावून तुम्ही जे करता, तेच एसक्यूएलमध्ये जॉइन (दोन तक्त्यांची जोडणी) या नावाने भेटते. खर्चाचे लेजर गटवार मांडून बेरीज काढणे म्हणजेच तिथले ग्रुप बाय. एखादा आकडा पाहताक्षणी ‘यात काहीतरी चुकले आहे’ असे वाटणे, ही तर कोणत्याही अभ्यासक्रमात न शिकवली जाणारी गोष्ट आहे आणि ती तुमच्याकडे वर्षानुवर्षांच्या सवयीने आलेली आहे.

या पानाचा उपयोग केवळ मन राखण्यापुरता नाही. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा होता : गाड्या धुण्याच्या एका केंद्रावर काही ग्राहकांना आठ शिक्क्यांचे रिकामे कार्ड देण्यात आले आणि काहींना दहा शिक्क्यांचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले कार्ड देण्यात आले. दोघांनाही फुकट सेवेसाठी आठच शिक्के मिळवायचे होते. तरीही रिकामे कार्ड पुरे करणारे १९ टक्के निघाले, आणि दोन शिक्के असलेले कार्ड पुरे करणारे ३४ टक्के. त्या कार्डावरचे शिक्के दुकानदाराची युक्ती होती; तुमच्या पहिल्या पानावरचे शिक्के मात्र खरे असले पाहिजेत. म्हणून ‘एक्सेल चांगले येते’ असे मोघम न लिहिता ‘पिव्हट टेबल (आकड्यांचा गटवार गोषवारा) करता येते, पण त्यात गणिती फील्ड टाकता येत नाही’ असे लिहावे.

त्यानंतर एक प्रत्यक्ष काम करून त्याची फाइल जपून ठेवावी. सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरून जिल्हावार आकडेवारी असलेला एखादा तक्ता उतरवून घ्यावा, त्यातील वर्षवार बदल, पहिले पाच जिल्हे आणि एक आलेख इतके आजच्या कुवतीनुसार तयार करावे, किती वेळ लागला तो लिहावा आणि फाइलच्या नावात तारीख घालावी. या कामासाठी ऑफिसचा किंवा अशिलांचा डेटा घरी नेऊ नये. तो गोपनीय असतो आणि पुढे मुलाखतीत दाखवण्याच्याही उपयोगाचा नसतो.

दुसरी पायरी : प्रगती कशात मोजायची ते ठरवणे

या पायरीवर थोडे जास्त थांबावे लागेल, कारण पुढचा सगळा हिशेब इथल्या निवडीवर उभा आहे. बहुतेक जण तास मोजतात किंवा पाहिलेले व्हिडिओ मोजतात. तास मोजल्याने कष्ट दिसतात, प्रगती दिसत नाही. आणि व्हिडिओ मोजल्याने तर कष्टही धड दिसत नाहीत, कारण जेवताना पाहिलेला आणि हाताने करून पाहिलेला व्हिडिओ त्या मोजणीत सारखाच ठरतो. प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. एकामागून एक अभ्यासक्रम विकत घेणे आणि त्यांची प्रमाणपत्रे लिंक्डइनवर लावत जाणे यात हालचाल पुष्कळ असते, पण कोरा डेटा समोर आला की हात तसाच अडतो. माझ्या मते प्रमाणपत्राची नोंद वहीत करावी, मात्र ती खर्चाच्या बाजूला करावी.

एकक असावे ते ‘करता येते’ या शब्दांनी संपणाऱ्या वाक्याचे. कोणाच्याही मदतीविना, व्हिडिओ बंद करून, दुसऱ्या दिवशी पुन्हा करून दाखवता आली तीच गोष्ट जमा धरावी. या एका अटीमुळे वही फुगत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर पुढे विश्वास ठेवता येतो. या मुख्य नोंदीच्या जोडीला आणखी दोन प्रकारच्या नोंदी ठेवाव्यात. एक, कारण सापडलेली चूक. आणि दोन, बाहेरच्या जगाकडून आलेला कोणताही प्रतिसाद, म्हणजे एखाद्या जाणकाराने दिलेला अभिप्राय, ऑफिसात नव्या पद्धतीने केलेल्या अहवालावर कोणी विचारलेला प्रश्न किंवा रिक्रूटरचा फोन.

चुकीची नोंद प्रगतीच्या वहीत का, असे कोणी विचारील. एका संध्याकाळची नोंद कशी असू शकते ते पाहू : “खरेदी रजिस्टर आणि २बीचा सराव-डेटा एसक्यूएलमध्ये जोडला. जोडणी फक्त जीएसटीआयएनवर (पुरवठादाराच्या जीएसटी नोंदणी क्रमांकावर) केल्यामुळे एका पुरवठादाराच्या ४ बिलांच्या १६ ओळी झाल्या आणि एकूण रक्कम चौपट आली. जोडणीत बिल क्रमांक घेतल्यावर ओळी बरोबर आल्या. एक बिल तरीही सुटले, कारण एकीकडे ‘००४५’ आणि दुसरीकडे ‘४५’ असे लिहिले आहे. अक्षरे आणि अंक यांचा प्रकार जुळवून घ्यायला हवा.” त्या संध्याकाळी दोन तास गेले आणि हाती एकच क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आली, असे वरवर पाहता म्हणता येईल, आणि थकलेले मन नेमके तेच म्हणते. प्रत्यक्षात एकाला अनेक आणि अनेकाला अनेक या जोडण्यांतील फरक त्या दोन तासांत हाडीमासी मुरला, आणि मुलाखतीत ‘जॉइननंतर ओळी वाढल्या तर काय पाहाल?’ हा हमखास येणारा प्रश्न सोडवण्याची तयारी झाली. नोंद केली नसती, तर हीच संध्याकाळ ‘आज काही झाले नाही’ या सदरात गेली असती.

तिसरी पायरी : रोजची पाच मिनिटे

नोंद करण्याची वेळ आणि जागा आधी ठरवून ठेवावी. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडल्याप्रमाणे ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा नेमका संकल्प हा नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो. तेव्हा ‘रोज वही लिहीन’ असे न ठरवता ‘लॅपटॉप मिटण्यापूर्वी, शेवटची फाइल सेव्ह केली की, त्याच खुर्चीवर बसून दोन ओळी लिहीन’ असे ठरवावे. पहिली ओळ आज काय जमले किंवा काय उलगडले याची आणि दुसरी उद्या नेमकी कुठून सुरुवात करायची याची असावी. दुसऱ्या ओळीचा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. ऑफिसातून दमून आल्यावर ‘आज काय करू’ हे ठरवण्यातच जी शक्ती जाते, ती वाचते.

सवय २१ दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला आणि व्यक्तीव्यक्तींमधील फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर विशेष परिणाम होत नाही. तेव्हा एका दिवसाचा खाडा पडला म्हणून वही बंद करू नये आणि मागच्या तारखा घालून ती भरूनही काढू नये.

चौथी पायरी : महिन्याच्या तारखा ओळखून वेळापत्रक आखणे

अकाउंट्समध्ये काम करणाऱ्याचा महिना सपाट नसतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र), १४ तारखेला २बी तयार झाले की जुळवणी, १५ तारखेला पीएफ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे मासिक विवरणपत्र), असा त्याचा क्रम असतो. रोज दोन तासांचे वेळापत्रक आखून तो महिन्याच्या सुरुवातीलाच मोडतो आणि मग ‘आपल्याच्याने होणार नाही’ असा निष्कर्ष काढतो. चूक वेळापत्रकाची असते आणि दोष स्वतःला दिला जातो.

यावर उपाय म्हणजे महिन्याचे दोन भाग पाडणे. साधारण २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत नवे शिकण्याचे दिवस, आणि मधले दिवस केवळ देखभालीचे. देखभालीच्या दिवसांत पंधरा मिनिटे पुरेत. जुनी एखादी क्वेरी न पाहता पुन्हा लिहावी, इतकेच. मार्च-एप्रिल, आयकर विवरणपत्रांचा जुलै आणि टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर हे महिने तर सुरुवातीपासूनच हलके धरावेत. प्रगतीची तुलना २१ तारखेची मागच्या २१ तारखेशी करावी. या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना केली, तर दर महिन्याला एकदा तरी विनाकारण निराशा पदरी येणार, हे ठरलेले आहे.

ज्यांना बाहेरून आलेल्या मुदतीशिवाय काम होत नाही, त्यांनी एनपीटीईएल (आयआयटी व आयआयएस्सीचे ऑनलाइन अभ्यासक्रम) सारख्या आठवड्यागणिक असाइनमेंट असलेल्या एखाद्या अभ्यासक्रमात नाव घालावे. मात्र एका वेळी एकच.

पाचवी पायरी : जुने काम पुन्हा करून पाहणे

दर महिन्याला एकदा, शक्यतो सुटीच्या दिवशी सकाळी, पहिल्या पायरीतील तेच काम कोऱ्या फाइलपासून पुन्हा करावे. पूर्वी हाताने जिल्ह्यांची नावे दुरुस्त करण्यात अर्धा तास गेला असेल, तिथे आता पॉवर क्वेरीत (एक्सेलमधील डेटा साफ करण्याच्या साधनात) दोन पायऱ्यांत ते झाले. पूर्वीच्या आलेखात सगळे जिल्हे गर्दी करून होते, आता फक्त सांगण्यासारखे पाच आहेत. असे फरक दोन्ही फाइली शेजारी उघडल्याशिवाय लक्षात येत नाहीत. माणसाला आपली आजची कुवत नेहमीच होती असे वाटत असते, आणि म्हणून महिन्यापूर्वी जे अडत होते ते तो अगदी सहज विसरतो.

हे झाल्यावर स्वतःला शाबासकी द्यावी आणि ती कोरडी असू नये. आवडीच्या हॉटेलातला नाश्ता, राहून गेलेला क्रिकेटचा सामना, मुलांबरोबर मोकळी संध्याकाळ, काहीही चालेल. अट एवढीच की ती त्याच दिवशी मिळावी आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागू नये. नवा लॅपटॉप हे बक्षीस नव्हे.

तुलना मात्र स्वतःच्या जुन्या फाइलशीच असावी. बरोबर सुरुवात केलेल्या कोणाला तरी चार महिन्यांत नोकरी लागल्याची पोस्ट दिसतेच. त्या माणसाच्या पहिल्या पानावर काय होते, त्याच्यावर घराचा हप्ता होता का, त्याला दिवसाचे किती तास मोकळे होते, यातले काहीच त्या पोस्टमध्ये नसते.

सहावी पायरी : अर्जांच्या काळात नकारांचे वर्गीकरण

अर्ज करायला लागल्यावर उमेदीची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा कठीण असते, कारण आता उत्तर दुसऱ्याच्या हाती असते. इथे वहीत चार रकाने आखावेत : अर्ज केला, फोन आला, चाचणी झाली, मुलाखत झाली. प्रत्येक अर्ज कोणत्या रकान्यात थांबला ते लिहावे. ‘नोकरी मिळाली किंवा नाही मिळाली’ एवढ्यावर मोजले, तर शेवटच्या दिवसापर्यंत वहीत शून्यच दिसणार.

रकान्यांचा उपयोग निदानासाठीही होतो. अर्ज पुष्कळ आणि फोन नाहीत, तर दोष बहुधा बायोडेटात असतो. बहुतेक वेळा त्यात ‘जीएसटी रिटर्न भरणे, बँक रिकन्सिलिएशन करणे’ अशी जुन्या नोकरीची कामेच पहिल्या अर्ध्या पानावर असतात आणि नवे प्रकल्प तळाला दडलेले असतात. फोन येतात पण चाचणीत अडते, तर सरावाकडे परतावे. मुलाखतीपर्यंत पोहोचून तिथे अडत असेल, तर कौशल्याची शंका सोडून द्यावी आणि ‘इतक्या वर्षांनी हे क्षेत्र का सोडता?’ या प्रश्नाचे उत्तर घासून घ्यावे. त्याचे उत्तर तक्रारीचे नसावे. जुळवणी करता करता आकड्यांमागचे कारण शोधण्याची गोडी लागली, हे उदाहरणासह सांगितले तर पटते. काही वेळा नकाराचे कारण निव्वळ ९० दिवसांचा नोटिस पिरिअड असते. अशा नकाराला वहीत वेगळी खूण करावी, कारण त्याचा तुमच्या कुवतीशी काही संबंध नाही.

एका रकान्यातून पुढच्या रकान्यात पहिल्यांदा पोहोचणे ही जमेची नोंद आहे. पहिली चाचणी नापास झालात, तरी ‘चाचणीपर्यंत पोहोचता येते’ हे वाक्य खरे झालेले असते.

सातवी पायरी : घर आणि पैसा

‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ हे वाक्य घरातून ऐकू येईल, आणि ते बोलणाऱ्याची काळजी खोटी नसते. तिला जोशपूर्ण भाषणाने उत्तर देण्यापेक्षा महिन्यातून एकदा वही घेऊन शेजारी बसावे आणि मागच्या महिन्यात काय जमले, पुढच्या महिन्यात काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत जुनी नोकरी सोडणार नाही, हे तिन्ही सांगावे. विशेषतः तिसरे सांगितल्यावर घरातला ताण बराच निवळतो.

वहीच्या मागच्या बाजूला पैशांचे एक पान ठेवावे. पगार थांबला तर घरखर्च आणि हप्ते किती महिने निघतील, हा आकडा दर महिन्याला लिहावा. तो तीनवरून चारवर गेला, तर तीही क्षेत्रबदलातील प्रगतीच आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधी घ्यावी. पीएफ काढून त्यावर गुजराण करण्याचा मोह होतो. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी तो काढल्यास सामान्यतः त्यावर कर लागतो, आणि निवृत्तीची शिल्लक घटते ती वेगळीच. यूएएन (पीएफचा कायम खाते क्रमांक) तोच ठेवून खाते नव्या कंपनीत वर्ग करून घ्यावे.

आठवी पायरी : वही पुढे सरकत नसेल तर

प्रगतीची कदर करणे म्हणजे प्रगती नसताना ती असल्याचा बहाणा करणे नव्हे. सलग तीन महिने ‘करता येते’ची एकही नवी ओळ पडली नसेल आणि त्या काळात आजारपण, लग्नकार्य किंवा ऑडिट असे कारणही नसेल, तर थांबून विचार करावा. कधी विषय आवडलेला नसतो, आवडलेली असते ती त्यातल्या पगाराची बातमी. तसे असेल तर लवकर कळलेले बरे. कधी झेप लांबची घेतलेली असते, आणि मधली पायरी उपलब्ध असते : एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे नियमित अहवाल), फायनान्समधील प्लॅनिंग-बजेटिंग, किंवा आपल्याच कंपनीत अकाउंट्सचे अहवाल पॉवर बीआयवर नेण्याचे काम. पुणे-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतच नव्हे, तर मध्यम कारखान्यांतही दरमहा तेच एक्सेल हाताने तयार करणारे विभाग असतात, आणि ते काम अंगावर घेणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. साहेबांसाठी केलेला असा एक चालता डॅशबोर्ड (एका पडद्यावर आकडे व आलेख दाखवणारा अहवाल) बायोडेटात चार प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतो.

नवी नोकरी लागल्यावरही वही प्रोबेशन संपेपर्यंत चालू ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत कंपनीचे टेबल, त्यांची विचित्र नावे आणि कोणता आकडा कोणाला विचारायचा हे काहीच ठाऊक नसते, वयाने लहान सहकारी भराभर क्वेरी लिहीत असतात आणि नवशिकेपणाची भावना पुन्हा उसळते. त्या दिवसांसाठी एक नवे पान उघडून त्यावर रुजू झाल्याच्या दिवशी काय माहीत नव्हते ते लिहावे, आणि दर शुक्रवारी घरी निघण्यापूर्वी त्यातील जे आता माहीत झाले आहे त्यावर रेघ मारावी.